घाट चढताना राखून धाव

बाळ, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंस, फार बरं वाटलं. पहिलीच शर्यत, तीही २१.१ किलोमीटरची, भर पावसाळ्यात आणि घाटातली. म्हणून मावशीच्या चार गोष्टी कानात साठवून ठेव.

बिब, म्हणजे तुझ्या क्रमांकाचा कागद, हाती आला की आदल्या रात्रीच टी-शर्टच्या छातीवर चारही कोपऱ्यांना पिना लावून टाक. बिबमागे चिकटवलेली पट्टी म्हणजे टायमिंग चिप. ती दुमडू नकोस, ओढून काढू नकोस. सुरुवातीच्या मॅटवरून तू पुढे जाशील तेव्हापासून तुझी चिपची वेळ धरतात, त्यामुळे पुढे घुसायची घाई नको.

शर्यतीच्या दिवशी नवं काहीही नको. बूट, मोजे, खाणं, सगळं सरावातलंच. सुरुवातीच्या दोनेक तास आधी पोटाला सवयीचं तेवढंच खा. काखेत, मांड्यांना आणि शिवण घासते तिथे व्हॅसलिन चोळ. भिजलेले कपडे कातडी सोलून काढतात. स्वच्छतागृहापुढे लांब रांग असते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून पोहोच.

शर्यत सुटली की ढोल, टाळ्या आणि आजूबाजूचे पळणारे यांनी अंगात वारं शिरतं. इथेच सांभाळ. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेव. लोक पुढे जातील, जाऊ देत.

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. पावलं लहान कर, खांदे सैल सोड, नजर दहा-पंधरा पावलांवर ठेव. धाप लागली तर एका वळणापर्यंत पळ, पुढच्या वळणापर्यंत झपझप चाल. चालण्यात कमीपणा नाही. डावी बाजू धरून राहा, कारण पुढचे वळून समोरून खाली येत असतात. पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड असते. शेवटच्या टेबलाशी जा, दोन-तीन घोटच घे, आणि खाली पडलेल्या ग्लासांवर पाय देऊ नकोस.

खरी परीक्षा परतीच्या उतारावर आहे. चढ संपल्याच्या आनंदात बहुतेक जण पाय मोकळे सोडतात आणि प्रत्येक पाऊल मांड्या-गुडघ्यांवर आदळतं. मागे रेलून टाच आपटत ब्रेक मारू नकोस. छोटी, भरभर पावलं टाक. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे गुळगुळीत होतात, ते टाळ. गावात शिरल्यावर शेवटचे किलोमीटर जड जातात. घाटात राखलेलं बळ तिथे कामी येतं.

छातीत दुखलं, चक्कर आली, थंडी वाजून हुडहुडी भरली तर लगेच थांब आणि वैद्यकीय मदतीच्या टेबलाकडे जा. शर्यत पुढच्या वर्षीही आहे.

रेषा ओलांडली की एकदम बसू नकोस. दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाल, केळं खा. नंतरचे दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या ठणकतील. ते उताराचं देणं, आपोआप जातं.

वेळ कमी करायला पुढची वर्षं पडली आहेत. यंदा शेवटपर्यंत हसत पोहोच, आणि मेडल गळ्यात पडल्यावर पहिला फोन मला कर.