उसाच्या कडेला सोडलेली पिल्ले

ओतूरजवळच्या आमच्या मळ्यातील वस्तीवर गोठ्याच्या राखणीसाठी पाळलेली कुत्री पहिल्यांदा व्यायली, तेव्हा दोन पिल्ले शेजाऱ्यांनी नेली आणि उरलेली चार, आईचे दूध तुटताच, मी एका संध्याकाळी पोत्यात घालून कालव्यापलीकडच्या उसाच्या कडेला सोडून आलो. जिवंत सोडली म्हणजे आपल्या हातून पाप घडले नाही, अशी त्या वेळी माझी प्रामाणिक समजूत होती.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा आणि माजावर ती बहुधा वर्षातून दोनदा येते, त्यामुळे जे एकदा केले ते दरसाल करावे लागले. त्यांतून जगली ती पिल्ले उकिरड्यांवर, कोंबड्यांच्या शेडांमागच्या घाणीवर पोसून वस्तीभोवती वावरू लागली. त्यांच्या मागोमाग बिबट्या आला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के भाग कुत्र्यांचा आढळला. जुन्नर-आंबेगावात बिबट्याला उसाचा आडोसा मिळतो हे आपण सर्वच बोलतो. त्याचे अन्न मात्र आपण स्वतः पुरवतो, हा विषय चावडीवर कोणी काढत नाही. मग पिंजऱ्याची मागणी होते, धरलेला बिबट्या माणिकडोहच्या निवारण केंद्रात जातो, आणि कुत्री होती तितकीच असल्यामुळे मोकळ्या झालेल्या इलाख्यात दुसरा येतो.

एका पहाटे आमच्या अंगणात साखळी तेवढी उरली होती. बांधलेल्या त्या मुक्या जिवाला पळताही आले नाही. आदल्या संध्याकाळी त्याच जागी माझी नात खेळत होती.

पुढच्या कुत्रीच्या बाबतीत मी हयगय केली नाही. सहा महिन्यांची होताच पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून तिच्या नसबंदीची तजवीज केली. ‘एकदा तरी विऊ द्यावी’ हा आपल्याकडील समज सर्वस्वी निराधार आहे, आणि त्यापायीच मी पहिली चूक केली होती. शस्त्रक्रियेनंतर दहाबारा दिवस जागा कोरडी ठेवावी, टाके चाटू देऊ नयेत. नराचीही नसबंदी करावी. ती तर अधिक सोपी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी, रात्री राखणदाराला उघड्यावर साखळीला न बांधता बंदिस्त गोठ्यात घ्यावे, मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात पुराव्यात, आणि कोणास पिल्लू देणे झालेच तर नसबंदीचा शब्द घेऊनच द्यावे.

ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि बिबट्याचा आडोसा जातो. त्यापूर्वी, पावसाळा सरता सरता, आपल्या दारची कुत्री दवाखान्यात नेऊन आणा.