दाराला आतून कडी आहे का?

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत ७ लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. पुढच्या वर्षी मी कॉक्स बझारजवळच्या कुतुपालोंग छावणीत नर्स म्हणून होते. तिथं जे कळलं ते असं:

१. आधी संडासाची कडी बघावी. रात्री अंधारात जायला नको म्हणून बायका दुपारपासूनच पाणी पिणं सोडायच्या. लघवीला जळजळतं म्हणून रोज रांग लागायची आणि मी गोळ्या वाटायचे. खरं तर हवा होता दिवा आणि आतून लागणारी कडी. निर्वासित स्त्रियांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानं १९९१ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. छावणीची आखणी, उजेड, संडास, सगळं त्यात आहे. कागदावरची कडी दारापर्यंत यायला २७ वर्षंही पुरली नव्हती.

२. दुभाषा पुरुष नको. एक बाई दहा मिनिटं बोलत होती, डोळे जमिनीकडे. दुभाषा म्हणाला, "पोट दुखतंय म्हणते." दुसऱ्या दिवशी चितगावची एक वयस्क दाई शेजारी बसवली; तिची बोली रोहिंग्यांच्या बोलीला जवळची. मग म्यानमारच्या सैनिकांनी केलेलं सगळं बाहेर आलं.

३. वस्तीचा मुकादम, म्हणजे 'माझी', बहुतेक पुरुषच. नवऱ्यानं मारल्याची तक्रार आधी त्याच्याकडे जाते आणि बऱ्याचदा तिथंच मुरते.

४. नावात बरंच काही असतं. बांगलादेशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपणही नाही, कुणी विचारलं की मी विषय बदलायचे). त्यामुळे सरकारी कागदावर या बायका 'बळजबरीनं विस्थापित झालेल्या म्यानमारच्या नागरिक'. आणि म्यानमार तर त्यांना नागरिकच मानत नाही! खुद्द करारातही छळाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट, राजकीय मत. बाई असणं त्यात नाही. तिला 'समाजगटा'त कोंबावं लागतं.

५. तरी संस्थांना सरसकट नावं ठेवू नयेत. गॅसचे सिलिंडर आले आणि सरपणासाठी रानात जाणं कमी झालं. बायकांसाठीच्या 'शांतीखान्या'त निदान मोकळेपणी रडता यायचं. गांबियानं म्यानमारवर दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं रोहिंग्यांना संरक्षण देण्याचा हुकूम त्याला दिला.

६. पैसा आटला की पहिली झळ चुलीला. २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाची माणशी मदत महिन्याला १२ डॉलरवरून ८ वर आली. तेव्हा चितगावच्या त्या दाईला फोन केला. मी हेगच्या खटल्याचं विचारलं. ती तांदळाचं बोलत राहिली.