जळालेली मोटार भरायला टाकण्याआधी

बोअरची मोटार जळाली की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, "भरायला किती घेता?" दुसरा असतो, "कधी देता?" शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, कुठल्याही वायंडिंगच्या दुकानात एप्रिल महिन्यात तासभर बसा, तिसरा प्रश्न कानावर पडणार नाही. मोटार का जळाली, हे कुणी विचारत नाही. आमच्या पाच एचपीच्या सबमर्सिबलनं तो विचारायला लावला. ती एका दुकानात स्वस्तात आणि एका रात्रीत भरून मिळाली होती, आणि उसाची पाळी पुरी व्हायच्या आत पुन्हा जळाली.

दुसऱ्यांदा मोटार दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली. वयस्कर माणूस, बोलायला कमी. त्यांनी मोटार खोलली, जळक्या तारेचं एक टोक कापलं, वरचं प्लॅस्टिकचं आवरण नखानं सोललं आणि उघड्या तांब्याला मायक्रोमीटर लावला. मग खोक्यातून एक मळकी वही काढली, तिच्यात कंपनीप्रमाणं कुठल्या मोटारीला किती जाडीची तार आणि किती वेढे हे लिहिलेलं. "मालक, हितं एक पॉइंट दोनची तार पायजे. ही एकची हाय."

१.२ आणि १.० मिलिमीटर. डोळ्याला हा फरक दिसतसुद्धा नाही. पण तारेतून वाहणारी वीज जाडी बघत नाही, कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ बघते, आणि ते जाडीच्या वर्गानं घटतं. हिशोब केला तर तांबं तीस टक्क्यांनी कमी भरतं आणि तारेचा विरोध जवळजवळ दीडपटीला टेकतो. तेवढ्याच करंटला तेवढीच जास्त उष्णता. बारीक तार भरणाऱ्याला दोन फायदे असतात. तांबं कमी लागतं हा एक. दुसरा ध्यानात येत नाही: सबमर्सिबलच्या स्टेटरमध्ये तार लांबलचक खाचेच्या एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून हातानं ओढून घ्यावी लागते, वेढा वेढा करत. बारीक तार सरसर ओढली जाते. एका रात्रीत मोटार भरून मिळते ती अशी.

पण सगळा दोष तारेवर टाकून मोकळं होता येत नाही. पहिल्यांदा मोटार जळाली तेव्हा तार कंपनीचीच होती. मग ती का जळाली? त्याचं उत्तर घरी पडलेल्या पोत्यात निघालं. जुनं तांबं भंगारात चांगल्या भावानं जातं, म्हणून पहिल्या दुकानातून ते मागून आणलं होतं. मिस्त्रींनी पोतं रिकामं करून जुड्या वेगळ्या केल्या. दोन फेजच्या जुड्या कोळशासारख्या, तिसऱ्या फेजचं आवरण मात्र जवळजवळ कोरं. "सिंगल फेजिंग," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

जळालेलं वायंडिंग हे मोटारीचं शवविच्छेदन असतं. ते वाचायला शिकलं की निम्मं काम होतं. स्टार जोडणीच्या मोटारीत, म्हणजे बहुतेक वेळा जिच्यातून तीनच वायरी बाहेर येतात तिच्यात, दोन फेज काळे आणि तिसरा शाबूत असेल तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. डीपीवरचा एक फ्यूज उडाला किंवा स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट खाल्ला गेला, की उरलेल्या दोन फेजांवर करंट साधारण पावणेदोन पट होतो, आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढत असल्यानं त्या दोन फेजांत ती तिप्पट होते. मोटार गुणगुणते, पाणीही थोडंफार टाकते, म्हणून माणूस बांधावर निवांत. तिन्ही फेज सारखेच करपलेले असतील तर सगळ्याच मोटारीवर भार आला: व्होल्टेज कमी, बुश किंवा थ्रस्ट बेअरिंग जाम, पंपात वाळू, नाहीतर आमच्या दुसऱ्या वेळेसारखी बारीक तार. आणि बाकी सगळं वायंडिंग चांगलं, एकाच जागी तार वितळून तुटलेली असेल, तर तिथं भरताना आवरण खरवडलं गेलं किंवा जोड कच्चा राहिला. हे तिसरं दिसलं तर भरणाऱ्याला जाब विचारा. पहिली दोन असतील तर आधी शेतात जा, मग दुकानात.

शेतात काय बघायचं, तर आधी स्टार्टरची पेटी. आपल्याकडच्या निम्म्या पेट्यांत सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, पण बाजूला सोडलेला. तो सारखा ट्रिप होतो म्हणून वायरी थेट जोडलेल्या असतात. तो ट्रिप होतो, कारण फेज खरोखरच जातो. काही ठिकाणी कॉन्टॅक्टर आत दाबून त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली मी पाहिली आहे, का तर कॉईल सुटते. कॉईल सुटते ती व्होल्टेज पडल्यावर मोटार वाचवायला. ओव्हरलोड रिलेचा आकडा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरशी जुळवा. तो कमाल आकड्यावर फिरवून ठेवलेला असेल तर रिले असून नसल्यासारखा. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार ओढण्याची युक्तीही गावोगाव आहे. ती चालते, नाकारण्यात अर्थ नाही, पण तिन्ही फेजांतला करंट कधी सारखा होत नाही आणि एका फेजला त्याची किंमत मोजावी लागते.

लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटोस्विच लावू नका, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आहे, आणि या एका बाबतीत तरी मी महावितरणच्या बाजूनं आहे. रात्रीची लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांनी मिळून ओढला की व्होल्टेज बसतं, मोटारी वेग धरत नाहीत, आणि रोहित्र नाहीतर कुणाची तरी मोटार जाते. रोहित्र गेलं की मग बदलून मिळेपर्यंत सगळा शिवार कोरडा. त्यापेक्षा कपॅसिटर लावा. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा पुरतो, आणि लाईनवरचा करंट घटल्यानं तारेत पडणारं व्होल्टेज वाचतं.

केबलचंही तसंच. बोअर सहाशे फूट गेलं आणि केबल जुनीच अडीच स्क्वेअर एमएमची लांबवत नेली, तर दहा अँपिअरला पंचवीसएक व्होल्ट केबलमध्येच विरतात. आधीच चारशे पंधराच्या ठिकाणी साडेतीनशे येत असताना हे पंचवीस परवडणारे नाहीत. चारची केबल टाकली तर सोळा-सतरावर भागतं. (कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल बोअर शेतीला पाडायचंच नाही, २००९ चा भूजल कायदा तसं म्हणतो. आपल्या तालुक्यात किती बोअर त्या मापात बसतात, ते प्रत्येकानं आपल्या पाइपा मोजून ठरवावं.)

आणि पाणी. सबमर्सिबल गार राहते ती अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात वायंडिंगवाल्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. बोअर धाप टाकायला लागलं, पाणी गुळण्या देत यायला लागलं, तरी मोटार बंद करायला कुणाचं मन होत नव्हतं. ड्राय रन कटऑफचं एक छोटं उपकरण पेटीत बसतं, पाणी तुटून करंट उतरला की मोटार थांबवतं. एका वेळच्या भराईच्या मानानं ते स्वस्त पडतं.

एवढं झाल्यावर दुकान. भरायला टाकताना जुन्या तारेची जाडी आपल्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या, आणि नव्या तारेचं बंडल लागेल तेव्हा हजर राहा. जुनं तांबं तुमचं आहे, ते वजन करून परत घ्या. नव्याचं वजनही घ्या, तार बारीक असली की तिथंच उघडं पडतं. जळकं वायंडिंग काढायला काही जण स्टेटर सरळ आगीत टाकतात. आत पत्र्याच्या शेकडो चकत्या एकमेकींपासून विलग ठेवणारा पातळ लेप असतो, तो बेफाम आगीत जळतो, आणि मग तार कितीही चांगली भरली तरी स्टेटर आपला आपण तापत राहतो. कापून, ओढून काढायला वेळ लागतो. तो लागू द्या.

भरून झाल्यावर तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मीटरवर तिन्ही फेजांचा विरोध सारखा येतो का. स्टेटर पाण्यात बुडवून पाचशे व्होल्टचा मेगर लावल्यावर काटा वर राहतो का, की खाली येतो. एक मेगओमवर घुटमळत असेल तर ती मोटार खाली सोडू नका. नव्या भराईला त्याच्या कितीतरी वर दाखवायला हवं. आणि हौदात चालवून टाँग टेस्टरनं तिन्ही वायरींचा करंट. एका वायरीत वेगळाच आकडा आला तर बहुधा वेढे चुकलेत.

सोडण्याच्या दिवशी घाई असते, माणसं जमलेली, चेनपुली भाड्याची. तरीही मोटारीच्या अंगावरचा छोटा स्क्रू काढा आणि आत स्वच्छ पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत, मोटार थोडी हलवत. पाणी भरून चालणारी मोटार कोरडी सोडली तर वायंडिंग आणि बुश दोन्ही पहिल्याच दिवशी मार खातात, आणि हे विसरणारे मी पुष्कळ पाहिले. केबलच्या जोडाला रबर टेप ओढून ताणून गुंडाळा, वरून प्लॅस्टिक टेप. लोखंडी पाइप उभा करण्याआधी मान वर करून वीजवाहिनी कुठून जाते ते बघा. वीस फुटांचा पाइप अकरा केव्हीच्या तारेला लागायला क्षण पुरतो. चालू केल्यावर पाणी नेहमीपेक्षा कमी वाटलं तर लगेच मोटारीला दोष देऊ नका. भरताना वायरी पुढंमागं झालेल्या असतात, मोटार उलटी फिरते आणि उलटी फिरली तरी थोडं पाणी देतेच. स्टार्टरमधल्या दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, जास्त पाणी ज्या बाजूला ती बरोबर.

आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधून सौर पंप आलेत. तिथं हे ज्ञान जसंच्या तसं लावू नका. त्या मोटारी कंट्रोलरच्या हिशोबानं बनवलेल्या असतात, आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे. बंद पडला तर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, माणूस येईपर्यंत वाट पाहा. पीक वाळताना ते जिवावर येतं, पण गावातल्या दुकानात सील तोडलं की हमी संपली.