गुप्ततेची अट केव्हापर्यंत?

बाजारात न आलेले सॉफ्टवेअर तपासायला देताना कंपन्या गुप्ततेच्या करारावर सही घेतात. व्यापारी बंधूंनो, अशा कागदात मुदत आधी पाहावी. नवा नमुना घडवायला घेणाऱ्या कारागिरानेही ती लिहून घ्यावी. नाहीतर काय होते?

अ‍ॅपलने मार्च २००८ मध्ये आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची साधने दिली, ती गुप्ततेच्या अटीवर. ११ जुलैला माल दुकानात आला, तरी अट सुटली नाही! प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आपसातही उघडपणे अडचणी विचारता येईनात. या विषयावरची तयार पुस्तके अडकून पडली. विकल्या गेलेल्या मालाचे कसले गुपित? ओरड झाली, तेव्हा १ ऑक्टोबरला कंपनीने बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरती अट उठवली. न आलेल्याची मात्र तशीच ठेवली.