मूठभरांचे मूलभूत हक्क

राज्यशास्त्राच्या तासाला एका मित्राने विचारले, “समलिंगी माणसे मूठभर. त्यांच्यासाठी न्यायालयाने कायद्यात हात का घालावा? ते काम संसदेचे.” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमावरील निकाल वाचले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातही हाच वाद झाला होता असे दिसले.

हे कलम १८६० सालचे, म्हणजे आपल्या संसदेने केलेले नव्हेच. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. दोघेही प्रौढ व राजी असले तरी सुटका नव्हती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते ते घटनाबाह्य ठरविले. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. हा वर्ग लोकसंख्येत अत्यल्प आहे, हे त्यातील एक कारण होते.

या कारणाला उत्तर मिळाले ते आधार योजनेच्या वादात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. शिवाय, माणसे थोडी आहेत म्हणून त्यांचा हक्क नाकारता येत नाही, असेही म्हटले.

त्या पायावर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने २०१३ चा निकाल रद्द केला. युक्तिवाद मुख्यतः तीन होते. ‘नैसर्गिक’ व ‘अनैसर्गिक’ हा भेद तर्काला धरून नाही, म्हणून अनुच्छेद १४ चा भंग होतो. अनुच्छेद १५ मधील लिंगाधारित भेदभावात लैंगिक कलावरून केलेला भेदभावही येतो. आणि जोडीदाराची निवड हा अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेचा भाग आहे. लोकनीतीच्या आक्षेपावर उत्तर होते घटनात्मक नीतीचे. ही नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते.

तथापि या युक्तिवादाला मर्यादाही आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला व तो प्रश्न कायदेमंडळावर सोपविला. गुन्ह्याचा शिक्का पुसणे निराळे आणि नवा हक्क मिळविणे निराळे.

मित्राला आता मी एवढेच सांगेन : बहुमताला आपले म्हणणे मतपेटीतून मांडता येते. मूठभरांजवळ राज्यघटनेवाचून दुसरे काय असते?