लंडन की बर्लिन?

प्रश्न : नवऱ्याला दोन्हीकडून नोकरी आली आहे. मुलगी ३ वर्षांची, गाडी घ्यायची नाही. कुठे सोपं पडेल?

उत्तर : माझं मत बर्लिनला. तिथे ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि २०१८पासून पाळणाघराची फी माफ आहे. जेवणाचे थोडे पैसे भरावे लागतात. घर ठरताच पाळणाघरासाठी अर्ज टाका. लंडनमध्ये ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर बस-ट्यूबने फुकट फिरतात. पण ट्यूबच्या कितीतरी जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्यात बाबागाडी आणि समोर जिना! त्यापेक्षा लाल बस बरी, बाबागाडीला जागा असते. बर्लिनमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच भरा. जर्मन मात्र आजपासूनच शिकायला घ्या.