खेळून आल्यावर मूल जेवत का नाही?

खेळून आलेले मूल ताट बाजूला सारते, असे वस्तीतल्या आया आम्हाला सांगतात. घाबरू नका. जोरात धावल्यावर भूक थोडा वेळ मंदावते, मग पुन्हा लागते. आधी पाणी द्या. अर्ध्या तासाने भाकरी-वरण, उसळ किंवा अंडे द्या. त्या वेळी चिप्सचे पाकीट दिले, तर भूक मरते आणि वाढीला लागणारी प्रथिने मिळत नाहीत.

मूल हडकुळे आहे म्हणून खेळ थांबवू नका, ताटातले वाढवा. खेळ आणि वाढ, दोन्हींना पुरेल इतके पोटात जायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीचा खेळ हवा. मुलींनाही तेवढाच; लंगडी, दोरीउड्या गल्लीतही होतात. वजन घटत राहिले, तर मात्र दवाखान्यात दाखवा.